बंद कारखाना, नवा मालक आणि जुनी देणी : पापनाशमच्या निमित्ताने

पापनाशम (जि. तंजावर) : कावेरीच्या खोऱ्यातील पापनाशम तालुक्यात तिरुमंडंगुडी नावाचे गाव आहे. वैष्णव परंपरेत ते तोंडरडिप्पोडी आळ्वारांचे जन्मस्थान मानले जाते. गेल्या काही वर्षांत मात्र हे गाव वृत्तपत्रांत आले ते तेथील साखर कारखान्यामुळे. तिरु आरूरन शुगर्स या कंपनीचा हा कारखाना आर्थिक डबघाईस आला. २०१९ मध्ये कंपनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या चेन्नई पीठापुढे दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल झाली आणि पुढे याच प्रक्रियेतून काल्स डिस्टिलरीज या कंपनीकडे गेली. नवा मालक आला, पण जुन्या देण्यांचा प्रश्न मिटला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस ऊस उत्पादकांनी कारखान्यासमोर धरणे धरले आणि ते प्रदीर्घ काळ चालले.

शेतकऱ्यांच्या मागण्या दोन होत्या. उसाची थकबाकी पूर्ण मिळावी, ही पहिली. आधीच्या व्यवस्थापनाने आमच्या नावांवर बँकांतून कर्जे उचलली, त्या कर्जांतून आम्हाला मुक्त करावे, ही दुसरी. मंजूर आराखड्यानुसार मिळणारी रक्कम मूळ थकबाकीपेक्षा कमी असल्याचा त्यांचा आक्षेप होता. बातम्यांत हे आंदोलन उसाचे म्हणूनच नोंदले गेले आणि ते योग्यच आहे. परंतु साखर कारखाना बंद पडतो तेव्हा त्याच्या फाटकाशी येणेकऱ्यांची आणखी एक रांग लागते. ही रांग वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान, म्हणजे ज्याला सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात ते, यांची असते. त्या रांगेविषयी कायदा काय सांगतो आणि ते सांगणारा वकील कोणाला परवडतो, हा विषय तिरुमंडंगुडीइतकाच मराठवाड्यातील, सोलापुरातील वा सांगलीतील वाचकाच्याही जिव्हाळ्याचा आहे.

वकिली व्यवसायात ‘कर्मचारी लाभ व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मोबदले’ ही गेल्या काही दशकांत स्वतंत्र शाखा बनली आहे. मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि चेन्नईतील मोठ्या विधी संस्थांत या विषयाचे जाणकार असतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा करार, त्याचा वार्षिक बोनस, कंपनीच्या समभागांचे पर्याय म्हणजे ईसॉप, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, भविष्य निर्वाह निधीचा खासगी न्यास, कंपनी विकली गेल्यास कर्मचाऱ्यांचे हक्क नव्या मालकाकडे कसे वर्ग होतील, ही सारी कामे या शाखेत येतात. ही शाखा दोन टोकांच्या माणसांशी संबंधित आहे. एका टोकाला कोट्यवधींचा करार करणारा अधिकारी आहे आणि दुसऱ्या टोकाला ज्याचा मोबदला पूर्णपणे कायद्याने ठरतो असा कामगार. पहिल्याकडे स्वतःचा वकील असतो. दुसऱ्याकडे कायदा असतो, पण तो वाचून दाखवणारा बहुधा नसतो.

कारखाना दिवाळखोरीत गेल्यावर नेमके काय घडते, हे आधी समजून घ्यावे लागेल. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार निराकरण व्यावसायिकाच्या हाती जातो. त्याच क्षणी स्थगिती लागू होते. कंपनीविरुद्ध नवा दावा लावता येत नाही, जुना पुढे चालवता येत नाही आणि वसुलीची अंमलबजावणीही थांबते. कामगाराच्या दृष्टीने पहिला फटका येथेच बसतो. उपदान न मिळाल्यास नियंत्रक प्राधिकारी वसुलीचा दाखला देतो आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतो, अशी तरतूद १९७२ च्या कायद्याने केली होती. स्थगिती लागू झाली की हा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात पडून राहतो. महाराष्ट्रात उसाच्या थकबाकीसाठी साखर आयुक्तालय जो वसुली दाखला काढते, ज्याला शेतकरी ‘आरआरसी’ म्हणूनच ओळखतात, त्याचीही खासगी कंपनीच्या बाबतीत हीच गत होते.

यापुढे दोन मार्ग असतात. कोणी खरेदीदार पुढे आला आणि धनकोंच्या समितीने त्याचा निराकरण आराखडा मंजूर केला, तर कंपनी जिवंत राहते. कोणी आला नाही, तर अवसायन होते, म्हणजे मालमत्ता विकून येईल ते वाटले जाते. वाटपाचा क्रम संहितेच्या ५३ व्या कलमात दिला आहे. सर्वप्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर एकाच पायरीवर, समान हक्काने, दोघे उभे असतात : आपले तारण सामायिक मालमत्तेत सोडून देणाऱ्या बँका आणि अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांचे येणे असलेले कामगार. त्याखालच्या पायरीवर कामगार या व्याख्येत न बसणारे कर्मचारी येतात आणि त्यांना मुभा १२ महिन्यांच्याच येण्याची. मग बिनतारणी कर्ज देणारे वित्तीय धनको, त्याखाली सरकारी कर, आणि त्याच्याही खाली ‘उर्वरित देणी’ या शीर्षकाखाली सामान्य पुरवठादार. ऊस घालणारा शेतकरी याच ‘उर्वरित’ पायरीवर असतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे त्याचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याजही. दिवाळखोरीच्या शिडीवर मात्र या आदेशाला वेगळी पायरी नाही. तिरुमंडंगुडीतील असंतोषाचे कायदेशीर मूळ बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

आराखडा मंजूर होऊन कंपनी जिवंत राहिली तरी या शिडीचे महत्त्व कमी होत नाही. अवसायन झाले असते तर जितके मिळाले असते, किमान तितके तरी परिचालन धनकोंना आराखड्यातून मिळाले पाहिजे, असे संहिता सांगते. शिडीच्या तळाशी असलेल्याला अवसायनात काहीच मिळणार नसेल, तर त्याचे हे ‘किमान’ शून्यही असू शकते. शिवाय आराखडा एकदा मंजूर झाला की त्यात समाविष्ट नसलेली जुनी देणी संपुष्टात येतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात दिला. खरेदीदाराला कोरी पाटी मिळाली नाही तर आजारी कंपन्या कोणी घेणारच नाही, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. पण त्या पाटीवरून जे पुसले जाते, त्यात कोणाच्या तरी वर्षभराच्या पिकाचे पैसेही असतात, हेही तितकेच खरे.

तंजावरला हा प्रश्न अगदीच नवा नाही, असे म्हणता येईल. शेवटचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना निवर्तल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी त्याविरुद्ध मद्रासच्या न्यायालयात दावा लावून जिंकला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्याची तपासणी न्यायालयाला करता येत नाही, असे कारण दिले गेले. एक घर दुसऱ्याच्या ताब्यात जाताना त्या घरावर अवलंबून असलेल्यांचे काय, याचे उत्तर त्या काळी घेणाऱ्याच्या मर्जीवर होते. आजच्या कामगाराला निदान कायद्यातील कलमे दाखवता येतात.

त्यांतील सर्वांत भक्कम कलम ३६ वे आहे. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतून कामगारांना देय असलेल्या रकमा अवसायनाच्या मालमत्तेत धरल्याच जाणार नाहीत, असे ते म्हणते. म्हणजे शिडीवर कोणती पायरी, हा प्रश्नच या पैशाला लागू नाही, कारण तो वाटपाच्या भांड्यात पडतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये एबीजी शिपयार्ड प्रकरणात ही बाब पुन्हा स्पष्ट केली. त्याच निकालात न्यायालयाने कामगारांना एक धक्काही दिला. दिवाळखोरी प्रक्रिया चालू असतानाचे वेतन ‘प्रक्रियेचा खर्च’ म्हणून अग्रक्रमाने मिळवायचे असेल, तर त्या काळात कंपनी खरोखर चालू होती आणि कामगाराने प्रत्यक्ष काम केले होते, हे सिद्ध व्हावे लागेल. बंद पडलेल्या कारखान्यात हजेरीपुस्तकावर नाव असलेला, पण गाळपच नसल्याने घरी बसलेला कामगार या कसोटीला उतरणे अवघड आहे.

मुंबईतील जेट एअरवेजच्या प्रकरणाने या विषयाला सर्वाधिक प्रसिद्धी मिळवून दिली. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीची विमाने जमिनीवर आली आणि जूनमध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. जालान-कालरॉक गटाच्या आराखड्यात कर्मचाऱ्यांच्या वाट्याला अत्यल्प रक्कम होती. कर्मचारी संघटना अपिलात गेल्या आणि २१ ऑक्टोबर २०२२ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी अपिलीय न्यायाधिकरणाने निर्णय दिला : दिवाळखोरी प्रक्रिया सुरू होण्याच्या तारखेपर्यंतचा न भरलेला भविष्य निर्वाह निधी आणि उपदान कर्मचाऱ्यांना पूर्ण द्यावे लागेल. ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कागदावर हा संपूर्ण विजय होता. प्रत्यक्षात खरेदीदार आणि बँका यांच्यातील वाद वाढत गेला, आराखडा अमलात आलाच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. निकालपत्र हाती येणे आणि पैसे खात्यात येणे यांत किती अंतर असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांचा उल्लेख कायद्यात जोडीने येतो, पण त्यांची प्रकृती अगदी भिन्न आहे. भविष्य निर्वाह निधीत कामगाराच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात, मालक तितकेच घालतो आणि ही रक्कम दरमहा कारखान्याच्या बाहेर जाते. कामगाराच्या नावाचे पासबुक असते, मोबाईलवर ते पाहता येते. मालकाने वेतनातून रक्कम कापून ती भरली नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. उपदानाचे तसे नाही. पाच वर्षे सेवा झाली की हक्क निर्माण होतो, परंतु निवृत्ती, राजीनामा किंवा मृत्यू होईपर्यंत तो पैसा मालकाकडेच असतो, आणि अनेकदा तो ताळेबंदातील एक आकडा एवढाच असतो. ३६ व्या कलमातील संरक्षण ‘निधी’ला आहे. निधी स्थापनच केला नसेल, तर अवसायकाने पैसे कोठून द्यायचे? अपिलीय न्यायाधिकरणाने २०२० मध्ये एका प्रकरणात नेमके हेच म्हटले : स्वतंत्र उपदान निधी नसेल तर तो उभारून पैसे देण्याचा आदेश अवसायकाला देता येत नाही. नंतरच्या जेट निकालाचा सूर कामगारांना अनुकूल आहे. तरीही ज्याच्या कारखान्यात उपदानाचा न्यास किंवा विमा पॉलिसी आहे तो कामगार आणि ज्याच्या कारखान्यात नाही तो, यांच्या स्थितीत मोठा फरक उरतोच. हा फरक दिवाळखोरीच्या दिवशी पडत नाही, तो आधीच्या वीस वर्षांत पडलेला असतो.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये आणि सेवा २२ वर्षे. सूत्रानुसार वेतनाला २६ ने भागून १५ ने व २२ ने गुणले की सुमारे २ लाख ५३ हजार ८०० रुपये होतात. साखर धंद्यात यालाही एक पोटकलम आहे. कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो, म्हणून कामगारांचे कायम आणि हंगामी असे दोन वर्ग पडतात. वर्षभर काम नसलेल्या हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे १५ नव्हे, तर ७ दिवसांच्या वेतनाइतकेच उपदान मिळते. बॉयलरवर, मिलवर, पॅनवर बावीस हंगाम उभा राहिलेल्या माणसाचे येणे कायम कामगाराच्या निम्म्याहूनही कमी भरते. धोक्याचे काम दोघांचेही सारखेच.

एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. कामगाराला मिळायचे असलेले उपदान त्याच्या सावकाराला वा बँकेला जप्त करता येत नाही, इतकी काळजी १९७२ च्या कायद्याने घेतली. मालकाच्या हाती असताना ते मालकाच्याच अडचणीत बुडू नये, याची काळजी मात्र अर्धवट राहिली. सक्तीच्या विम्याचे कलम १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात आले, पण ते लागू करण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले आणि बहुतेक राज्यांनी ते केले नाही. कर्नाटकाने २०२४ च्या जानेवारीत नियम अधिसूचित करून ते केले, ही अपवादात्मक घटना ठरली.

भविष्य निर्वाह निधीबाबत महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनीच एक महत्त्वाचा निकाल घडवला आहे. मराठवाड्यातील सहकारी कारखान्यांनी साखरेची पोती महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवली होती. कारखान्यांनी कामगारांचा निधी थकवल्याने भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने त्या साखरेवर दावा सांगितला. माल आमच्या ताब्यात, तारण आमचे, मग पहिला हक्क कोणाचा, असा बँकेचा सवाल होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने उत्तर दिले. १९५२ च्या कायद्यानुसार या निधीची थकबाकी हा मालमत्तेवरील पहिला बोजा असून तो बँकेच्या तारणाच्याही आधी येतो, आणि त्यात व्याज व नुकसानभरपाईही धरली जाते, असे न्यायालयाने ठरवले. गोदामातील पोत्यांपर्यंत पोहोचलेला हा निकाल आजही या विषयातील वकिलांच्या हाताशी असतो. सहकारी कारखाने ही सहकारी संस्था असल्याने २०१६ ची संहिता त्यांना लागू होत नाही. त्यांचे अवसायन सहकार कायद्याने होते किंवा बँक तारण मालमत्ता विकते. खासगी कारखाने मात्र संहितेच्या कक्षेत येतात. कारखाना सहकारी की खासगी, यावर कामगाराने कोणत्या दारात जायचे हे अवलंबून आहे, आणि सहकारी कारखाने खासगी मालकीकडे जाण्याचा महाराष्ट्रातील ओघ पाहता हा भेद आता पुस्तकी राहिलेला नाही.

मोबदल्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले तर चित्र पालटते. कंपनी कायदा, २०१३ च्या १९७ व्या कलमानुसार सार्वजनिक कंपनीच्या संचालक व व्यवस्थापकीय वर्गाचा एकूण मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांहून अधिक असू नये. नफाच नसेल तर? त्यासाठी पाचवी अनुसूची आहे. कंपनीचे परिणामी भांडवल ५ कोटी रुपयांहून कमी, किंबहुना उणे असले, तरीही व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला वर्षाला ६० लाख रुपयांपर्यंत मोबदला देता येतो, आणि भागधारकांनी विशेष ठराव केला तर त्याहूनही अधिक. कंपनीने बँकांची कर्जे थकवली असतील तर आधी बँकांची संमती लागते, हा त्यावरचा खरा अंकुश. २०१८ पर्यंत मर्यादेबाहेरच्या मोबदल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागे, ती अट आता उरलेली नाही. तुलनेसाठी कायद्याने देय असलेल्या उपदानाची कमाल मर्यादा पाहा : संपूर्ण सेवाकाळासाठी मिळून २० लाख रुपये. तोट्यातील कंपनीच्या प्रमुखाला चार महिन्यांत जे कायदेशीररीत्या मिळू शकते, ते कामगाराच्या अख्ख्या आयुष्याच्या सेवेचे कमाल मोल आहे. या दोन आकड्यांची तुलना अन्यायकारक आहे, असे कंपन्यांचे सल्लागार म्हणतील. संकटातील कंपनीला चांगला प्रमुख मिळवायचा तर पैसे मोजावे लागतात, या त्यांच्या युक्तिवादात तथ्यही आहे. पण संकटातील कंपनीला चांगला बॉयलर अटेंडंटही लागतो.

अर्थात, वरिष्ठांचा मोबदलाही आता पूर्वीइतका सुरक्षित राहिलेला नाही. लबाडीमुळे कंपनीचे हिशेब फेरमांडणीस आले तर दिलेला जादा मोबदला परत घेण्याची तरतूद कंपनी कायद्याच्या १९९ व्या कलमात आहे. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खासगी बँकांसाठी नियम काढले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा किमान निम्मा मोबदला कामगिरीशी निगडित हवा आणि त्या भागातील किमान ६० टक्के रक्कम तीन वर्षे वा अधिक काळासाठी पुढे ढकलून द्यावी. गैरप्रकार उघड झाल्यास ती रोखता वा परत घेता यावी, हा त्यामागचा उद्देश. आयसीआयसीआय बँकेच्या माजी प्रमुख चंदा कोचर यांचे प्रकरण या शाखेतील वकिलांनी बारकाईने अभ्यासले आहे. २०१९ च्या जानेवारीत बँकेने त्यांचे पायउतार होणे हे सकारण सेवासमाप्ती मानले आणि २००९ ते २०१८ या काळातील बोनस परत मागितले. समभागांच्या पर्यायांचा हक्क मिळावा यासाठी त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एकल पीठाने आणि पुढील वर्षी खंडपीठाने त्यांना अंतरिम दिलासा नाकारला. नेमणुकीच्या आणि निवृत्तीच्या पत्रातील एकेका शब्दावर तेथे दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठ वकिलांनी युक्तिवाद केले.

तालुक्याच्या गावी या दर्जाची सेवा पोहोचत नाही. तेथे कामगार न्यायालयात काम करणारा एखादा अनुभवी वकील असतो, कामगार संघटनेचा पदाधिकारी असतो आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची खिडकी असते. त्यांचे ज्ञान कमी प्रतीचे नाही. परंतु दिवाळखोरीचे काम कामगार न्यायालयात चालत नाही. ते चालते चेन्नईच्या किंवा मुंबईच्या न्यायाधिकरणात, आणि तेथील वेळापत्रक निर्दय असते. निराकरण व्यावसायिकाची नेमणूक झाली की तीन दिवसांत जाहीर सूचना निघते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात. दावे सादर करण्यासाठी सूचनेत सुमारे दोन आठवड्यांची मुदत असते, उशिरा आलेला दावाही प्रक्रियेच्या नव्वदाव्या दिवसापर्यंत घेतला जातो, आणि त्यानंतर प्रत्येक दिवस अवघड होत जातो. कामगार व कर्मचाऱ्यांसाठी ‘ड’ क्रमाचा नमुना असतो, ज्याला कागदपत्रांत इंग्रजी अक्षराने ‘फॉर्म डी’ म्हणतात. सर्व कामगारांच्या वतीने प्रतिनिधी एकत्रित दावा करणार असेल तर ‘फॉर्म ई’. ऊस उत्पादकासाठी हे दोन्ही नाहीत, त्याने परिचालन धनको म्हणून ‘फॉर्म बी’ भरायचा असतो. चुकीचा नमुना भरला किंवा भरलाच नाही, तर येणे खरे असूनही यादीत नाव येत नाही, आणि यादीत नसलेल्याचे नाव आराखड्यातही नसते. कामगार संघटनेला सर्वांच्या वतीने परिचालन धनको म्हणून न्यायाधिकरणात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जे. के. ज्यूट मिल प्रकरणात मान्य केले. वेगवेगळ्या शेकडो कामगारांनी स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र शुल्क भरण्याची गरज त्यामुळे उरली नाही. गेल्या दशकातील निकालांत कामगारांच्या प्रत्यक्ष उपयोगाचा यासारखा दुसरा नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

ऊस उत्पादकाची स्थिती याहून कठीण आहे. त्याची संघटना कामगार संघटना नसते, त्याचे येणे वेतन नसते आणि त्याच्या नावावर कर्ज असेल तर तो एकाच वेळी येणेकरीही असतो आणि देणेकरीही. कारखान्याच्या दिवाळखोरीने कारखान्याचे कर्ज आटोपते, पण शेतकऱ्याच्या नावावरील कर्ज आपोआप आटोपत नाही, कारण कागदावर कर्जदार तो आहे. पापनाशम परिसरातील शेतकऱ्यांनी कर्जमुक्तीची मागणी थकबाकीइतकीच लावून धरली, ती यामुळे. महाराष्ट्रातही तोडणी-वाहतूक ठेकेदारांच्या आणि सभासदांच्या नावे कारखान्यांमार्फत कर्जे दिली जातात. कर्जाच्या कागदांवर सही करताना परतफेडीची जबाबदारी कारखान्याने लेखी घेतली आहे का, हे पाहिले गेले तर पुढचे पुष्कळ वाद टळतील.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्याने या चित्रात काही बदल संभवतात. वेतनाची नवी व्याख्या सर्वांत परिणामकारक ठरेल. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर जादा भाग वेतनातच धरला जाईल. मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवण्याची जी पद्धत रूढ झाली होती, तिच्यामुळे उपदानाची रक्कम आटत असे. तिला आता आळा बसेल. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्या कर्मचाऱ्याला पाचऐवजी एका वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क मिळेल. हंगामी कामगारासाठीचा सात दिवसांचा हिशेब मात्र सामाजिक सुरक्षा संहितेतही तसाच राहिला आहे.

उपदानाच्या सक्तीच्या विम्याची तरतूदही या संहितेत आहे. मालकाने विमा उतरवावा किंवा मान्यताप्राप्त उपदान निधी उभारावा, असा पर्याय तीत आहे. म्हणजे ३६ व्या कलमाला ज्या ‘निधी’ची गरज असते, तो आधीच तयार असेल. मात्र १९८७ चे कलम कागदावरच राहिले ते अंमलबजावणीअभावी. त्यामुळे या वेळी नियम, मुदत आणि तपासणी यांकडे कामगार संघटनांचे लक्ष राहील. दरम्यान कारखान्याच्या कामगाराला एक गोष्ट आजही करता येण्याजोगी आहे. आपल्या उपदानाचा न्यास वा विमा आहे का आणि त्यात शेवटचा भरणा केव्हा झाला, हे व्यवस्थापनाला लेखी विचारणे. कंपनी नोंदणीकृत असेल तर तिच्या वार्षिक हिशेबाच्या टिपांत उपदानाची देणी किती आणि त्यासाठी बाजूला काढलेली मालमत्ता किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि ते हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.